निकाल लागेपर्यंतचं छप्पर

पाराना नदीकाठच्या आमच्या गावात रेल्वे कामगारांचं नाट्यगृह आहे. एर्सिलिया पान्तालेओने तिथे प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीत अर्धं बुडालेलं एक लाकडी खोकं. प्रेक्षकांकडे पाठ, नटांकडे तोंड. त्या खोक्यात तिचं तारुण्य गेलं. तिचं नाव कधी पोस्टरवर आलं नाही, टाळ्या तिच्या डोक्यावरून गेल्या. पण नटाची जीभ अडखळली की खालून एक शब्द यायचा आणि राजा पुन्हा राजा व्हायचा.

नवख्या पोरींना ती सांगायची, "शब्द आधी दिलास तर नटाचा अपमान. उशिरा दिलास तर नाटकाचा खून. श्वास तुटतो ना, तेवढीच जागा आपली."

नाटकं थांबली, नट पांगले, तरी नाट्यगृह उभं होतं. मग कामगार संस्थेच्या कमिटीने एक सभा घेतली, सभासदांना न कळवता, आणि इमारत बिल्डरला विकून टाकली. एर्सिलिया जुनी सभासद. तिने आणि तिच्यासारख्या काही म्हाताऱ्यांनी दावा लावला की ही विक्री खोटी आहे.

त्यांची वकील मिर्ता सोब्रेरो तरुण होती, पण भाबडी नव्हती. सगळ्या गावासारखी तीही एर्सिलियाला आदराने 'दोन्या' म्हणायची; दोन्या म्हणजे आमच्याकडचं 'बाई'. "निकाल आपल्या बाजूने लागेलही, दोन्या एर्सिलिया. पण कधी? तोवर तिथे उंच इमारत उभी असेल. मग न्यायाधीश तुम्हाला काय परत देणार, राडारोडा?"

"मग काय करायचं, पोरी?"

"तात्पुरता हुकूम मागायचा. निकाल लागेपर्यंत कुणी विटेलाही हात लावायचा नाही. जैसे थे."

बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नसतो, हे एर्सिलियाला कुणी शिकवायला नको होतं. पण जानेवारी लागला होता, आणि जानेवारीत आमची न्यायदेवता समुद्रावर जाते. आमच्याकडे तो भर उन्हाळा, न्यायालयं बंद, वकील चटईवर उताणे. बिल्डरांना हे पक्कं ठाऊक असतं. आमच्या गावातल्या किती सुंदर इमारती जानेवारीत मेल्या, बघा कधी आठवून. नाट्यगृहासमोरही सुट्टी लागताच ट्रक उभा राहिला आणि भिंतीला शिड्या लागल्या.

सुट्टीत एकच न्यायाधीश बसतात, आणि त्यांच्यासमोर जायचं तर आधी तातडी सिद्ध करावी लागते. दारातला कारकून पंख्याखाली माते, आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, पीत होता. त्याने अर्ज नुसता वरून पाहिला.

"यात तातडी काय आहे? इमारत इतकी वर्षं उभी आहे. अजून महिनाभर राहील."

"राहते का नाही, तेच तर विचारायला आलोय," एर्सिलिया म्हणाली. "शिड्या लावल्यात त्यांनी."

"शिडी लावणं गुन्हा नाही, बाई."

"घर पेटल्यावर लोकांना असंच सांगता का तुम्ही? फेब्रुवारीत या म्हणून?"

मिर्ताने तिला कोपराने ढोसलं. पण अर्ज आत गेला. न्यायाधीश इबार्लुसेआबाईंनी हमी मागितली. बिल्डरचं नुकसान झालं तर भरून कोण देणार? एर्सिलियापाशी होतं काय? शपथेवरचा शब्द. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द पुरवलेल्या बाईने पहिल्यांदा स्वतःचा शब्द दिला, आणि हुकूम मिळाला.

आता चूक झाली ती इथे. हुकूम पोचवायला बेलीफ आला. फेर्मिन नावाचा, घामाघूम झालेला, अंगाने जड माणूस. कोपऱ्यावर त्याने एर्सिलियाला विचारलं, "दोन्या, नाट्यगृहाचं दार कुठलं?"

"दार? गल्लीतलं," ती पटकन म्हणाली.

तुम्ही आम्ही कुणीही तेच म्हटलं असतं, जर आपण नाटकातले असतो तर. पुढचं दार लोकांचं, गल्लीतलं नाटकवाल्यांचं. पुढच्या दाराने आत आलेला नट वाक्य विसरतो, अशी आमच्याकडे समजूत. एर्सिलियाने त्या दाराचा उंबरा आयुष्यात ओलांडला नव्हता. फेर्मिनने गल्लीतलं दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, तेव्हा त्याने हुकूम दारावर चिकटवला आणि सावली शोधत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात रंगमंचावरच्या छपराचे पत्रे उतरले.

"हुकूम?" मुकादम बाल्बुएना म्हणाला. "कुठला हुकूम? आम्ही पुढच्या दाराने येतो-जातो, दोन्या. गल्लीत फक्त मांजरं असतात."

कोपऱ्यावरच्या टपरीत आदल्या संध्याकाळपासून दुसरा विषय नव्हता. पाववाल्यालाही हुकूम माहीत होता. पण ऐकू न येणं ही पैसेवाल्यांची जुनी कला आहे, आणि तिच्यासाठी त्यांना प्रॉम्प्टर लागत नाही.

मिर्ता धावली. फेर्मिनला पुन्हा गाठलं, हुकूम पुढच्या दारावर लागला, काम थांबलं. पण रंगमंचाच्या डोक्यावर तोवर नुसतं आभाळ होतं.

एर्सिलिया फुटपाथच्या कडेला बसली. "मीच सांगितलं गं दार."

"त्यांना माहीत होतं," मिर्ता म्हणाली. "दाराचं निमित्त झालं."

दुपारी हवा कोंडली. दक्षिणेकडून काळं चढू लागलं. आमच्याकडचं उन्हाळी वादळ म्हणजे काय ते रंगमंचाच्या लाकडाला विचारा. एर्सिलियाने बाल्बुएनाला म्हटलं, "बाबा, वर प्लास्टिक तरी टाक. फळ्या कुजतील सगळ्या."

त्याने खिशातून हुकूम काढला, नीट उलगडला, आणि तिच्यासमोर धरला. "जैसे थे लिहिलंय. आमचे वकील म्हणाले, खिळासुद्धा हलवायचा नाही. कायदा मानणारी माणसं आहोत आम्ही."

ज्या हुकमाने घर वाचवायचं, तोच हातात धरून घर पावसात कुजवायचं. वर कायद्याच्या नावाने हात जोडायचे. रंगमंचावर मी बरेच खलनायक पाहिलेत. इतका निर्लज्ज कुणी लिहिला असता तर प्रेक्षकांनी त्याला हसून बाहेर काढलं असतं.

मिर्ताने छप्पर झाकण्याच्या परवानगीचा अर्ज टाकला. कारकून म्हणाला, रांगेत आहे.

तेव्हा एर्सिलियाने पर्समधून किल्ली काढली. गल्लीतल्या दाराची. ती तिच्याकडून कुणी मागितलीच नव्हती, कारण बिल्डरच्या लेखी ते दार नव्हतंच.

"दोन्या, हुकूम मोडल्याची तक्रार तुमच्यावरच होईल," मिर्ता म्हणाली.

"होऊ दे. श्वास तुटलाय पोरी. आता शब्द नाही दिला तर कधी देऊ?"

रंगमंचामागे जुने पडदे गुंडाळून ठेवलेले होते. त्यातला सर्वांत मोठा आकाशाचा. तेलरंगाचे थरावर थर चढून चामड्यासारखा जाड झालेला. पडदे ओढणारे दोन जुने कामगार आले, दोघांचे गुडघे गेलेले, पण दोरांच्या गाठी हातांच्या लक्षात होत्या. वादळाचे पहिले टपोरे थेंब पडले तेव्हा रंगवलेलं आकाश खऱ्या आकाशाखाली ताणलेलं होतं. शिवणींतून निळं पाणी ठिबकलं. फळ्या वाचल्या.

सकाळी बिल्डरची तक्रार गेली, फोटोंसकट. म्हातारीने न्यायालयाचा अवमान केला. आणि बघा गंमत. मिर्ताचा अर्ज रांगेत होता, पण ही तक्रार रांगेत उभी राहिली नाही. त्याच दुपारी न्यायाधीश इबार्लुसेआबाई स्वतः पाहणीला आल्या, पुढच्या दाराने. मागोमाग बिल्डरचे वकील आणि बाल्बुएना.

"हा पडदा कुणी लावला?"

"मी," एर्सिलिया खोक्यापाशी उभी होती.

"मी काहीही बदलू नका म्हटलं होतं. कळलं नव्हतं का तुम्हाला?"

"कळलं होतं, बाई. पण एक विचारते. तुम्ही हुकूम इमारतीसाठी दिलात, का भोकासाठी?"

वकील काही बोलू लागले. न्यायाधीशबाईंनी हाताने थांबवलं. त्या वर पाहत होत्या. मग त्यांनी बाल्बुएनाला विचारलं, "उतरवलेले पत्रे कुठे आहेत?"

"मागे. रचून ठेवलेत."

"संध्याकाळच्या आत परत चढवा. खर्च तुमच्या मालकांचा. आणि हा पडदा बाईंच्या लोकांनीच उतरवायचा, तुमच्या माणसांनी हात लावायचा नाही."

पत्रे चढले. रागारागात चढवलेले, दोन-चार उलटे, पण चढले. निकाल मात्र अजून लागलेला नाही. दाव्याचे न्यायाधीश बदलले, मिर्ताचे केस पिकायला लागले. तात्पुरत्या हुकमावर एक इमारत उभी आहे, आणि ती उभी राहावी म्हणून एका म्हातारीला छपरावर लक्ष ठेवावं लागतं. ज्यांनी ती लपूनछपून विकली, ते कमिटीवाले अजून चौकात ताठ मानेने फिरतात.

दर जानेवारीच्या तोंडावर, न्यायालयं बंद होण्याआधी, एर्सिलिया खळीचं भांडं घेऊन येते आणि हुकमाची नवी प्रत चिकटवते. गेल्या वर्षी फेर्मिन रस्त्याने जात होता, आता निवृत्त झालेला. त्याने थांबून पाहिलं.

"दोन्ही दारांवर, दोन्या?"

"पुढचं माणसांसाठी," ती कागदावर तळहात फिरवत म्हणाली. "गल्लीतलं मांजरांसाठी."