दाण्याचं कूट

बायकोचं नाक गेलं, तेव्हा घरात मला पहिल्यांदाच जबाबदारीचं काम मिळालं.

नाक गेलं म्हणजे जागेवर आहे, वास येत नाही. तापातून उठली आणि वासाबरोबर चवही गेल्याचं लक्षात आलं. तिखट तेवढं जिभेला झोंबतं. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू." किती हळू, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. तेव्हापासून नासलेलं दूध, कुबट कपडे, गॅसचं बटण, सगळीकडे माझं नाक फिरतं.

स्वयंपाकाचं मात्र अवघड होऊन बसलं. आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी काही चाखत नाही. माझ्या आईने तिला तसंच शिकवलं आणि आई गेल्यावरही तिने ते मोडलं नाही. मीठसुद्धा ती वाफेवरून ओळखायची. मी एकदा सुचवलं, "चाखून बघ. देव समजून घेईल."

"देव घेईल हो. पण चाखून मला काय कळणार आहे?"



त्या रविवारी माझी ताई वसईहून फुलपाड्याला आमच्याकडे जेवायला येणार होती. वास गेल्याचं बायकोने तिला सांगितलं नव्हतं आणि मलाही सांगू दिलं नव्हतं. "एकदा कळलं की माझ्या हातचं सगळे जपून खाणार," ती म्हणाली. "पहिला घास घेऊन एकमेकांकडे बघणार. ते मला नको."

बाकी स्वयंपाक झाला होता. ताईला पानात डाव्या बाजूला काहीतरी आंबट-तिखट लागतं, म्हणून शेवटी टोमॅटोची चटणी. पाच मिनिटांचं काम. तेलात मोहरी, हिंग, मिरची, ठेचलेली लसूण पडली आणि मला कढईवर वाकवण्यात आलं.

"लसणीचा कच्चा वास गेला का?"

"जातोय."

"जातोय म्हणजे? नळाचं पाणी आहे का?"

"थोडा गेलाय. थोडा आहे."

"राहू द्या, मी रंगावरून बघते."

टोमॅटो पडले, मऊ झाले, कडेने तेल सुटलं. मीठ, गूळ. मग तिने कुटाचा डबा माझ्या नाकाखाली धरला. कूट तिच्या तापाच्या आधीचं होतं.

"खवट नाही ना आलं?"

"छान आहे," मी म्हणालो.

खरं तर मी वास घेतलाच नव्हता. लग्न झाल्यापासून ती काहीही पुढे करते आणि मी छान म्हणतो. तोंडाला सवय लागलीय, नाकाची गरजच पडत नाही.

नैवेद्य दाखवून झाला. तिने बोटभर चटणी माझ्या तळहातावर ठेवली. जिभेला लागली आणि घशापर्यंत जुन्या तेलासारखा खवटपणा पसरला.

"कशी झालीय?"

"छान," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ते तपासून बघायला कुठलाच मार्ग नव्हता. माझा शब्द, एवढंच तिच्यापाशी होतं.

"कूट खवट होतं," मी म्हणालो. "मघाशी मी वास घेतला नव्हता."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ओट्याला टेकून तिने हळू आवाजात विचारलं, "म्हणजे आजवर जे छान म्हणत आलात, ते?"

"त्यातलं बरंचसं खरंच छान होतं."

"आणि बाकीचं?"

मी एकेक पदार्थ आठवू लागलो, तोवर देवापुढची वाटी तिने उचलली, कढई रिकामी केली, घासली आणि पुन्हा टोमॅटो चिरायला घेतले. या वेळी कूट नाही. मला बोलावलंही नाही.

चटणी गॅसवर असतानाच बेल वाजली. ताई चपला काढत "उशीर झाला गं, रिक्षाच मिळेना," म्हणत होती, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "ताई, पाय धुवून आधी इकडे या. मला वास येत नाही. आजारपणापासून गेलाय. मीठ बरोबर आहे का, तेवढं सांगा."

ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन ती कढईवर वाकली आणि डोळे मिटून उभी राहिली. ताईलाही वाफेवरून मीठ ओळखायला आईनेच शिकवलं होतं.

"कमी आहे," ती म्हणाली.

बायकोने चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं.

"आता?"

"अजून किंचित."

मी दारात उभा होतो. बायकोने मागे न बघता सांगितलं, "तुम्ही पानं घ्या."