‘जरा पडतो’ म्हणून गेलेल्या पप्पांसाठी

रविवारी दुपारी चर्चहून आल्यावर पप्पा ‘जरा पडतो’ म्हणाले आणि उठलेच नाहीत.

तारखेनं त्याला उद्या वर्ष होईल. पण आमच्यासाठी ते आजच झालं, कारण आज रविवार आहे.

चर्चच्या मंडळीतली माणसं तेव्हा म्हणाली, “प्रभूमध्ये विसावले.” मला त्या शब्दाचा राग आला होता. विसावा घेतलेला माणूस चहाच्या वेळेला उठतो ना?

ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पप्पा वाळूजच्या एका कंपनीत फिटर होते. रिटायर होईपर्यंत रविवारचा ओव्हरटाइम कधी केला नाही. सुपरवायझर चिडायचा, पप्पा हसायचे.

आमच्याकडं रविवारची तयारी शनिवारीच व्हायची. मम्मी दोन्ही दिवसांचा स्वयंपाक करून ठेवायची, पप्पा घरातलं प्रत्येक भांडं पाण्यानं भरायचे. शेवटी गॅसवर परात पालथी पडली की शब्बाथ, म्हणजे देवानं सांगितलेला विसाव्याचा दिवस, सुरू. रविवारी फक्त चहा.

“चहा कसा चालतो मग?” मी विचारायचे.

“चहा काम नाय. ती कृपा हाय.”

बारावीचा रिझल्ट सोमवारी होता. रविवारी मी घरभर येरझाऱ्या घालत होते. पप्पांनी हाताला धरून बसवलं.

“काळजी हे पण कामच असतं बाळा. आज त्याला पण सुट्टी.”

“असं ठरवून थांबते का काळजी?”

“देव सहा दिवस काम करून थांबला. थकला म्हणून नाय. आता हे माझ्या हातात नीट हाय, म्हणून. आपण थांबायचं ते त्याच्या हातात हाय म्हणून.”

मला तेव्हाही पटलं नव्हतं. मी जन्मजात काळजीखोर.

पण पप्पा कर्मठ नव्हते हं. शेजारच्या मथुराकाकूंचे यजमान एका रविवारी बाथरूममध्ये पडले. पप्पा ताटावरून उठून धावले. दवाखाना, एक्सरे, रात्रीपर्यंत तिथंच.

काकू म्हणाल्या, “भाऊ, तुमचा तर आज सुट्टीचा दिवस.”

“माणूस उचलायला सुट्टी नसते, वहिनी. येशूनं तर शब्बाथालाच माणसं बरी केली.”

अशा माणसाला देवानं त्याच्याच लाडक्या दिवशी नेलं. तेव्हापासून मला रविवारच्या दुपारची भीती वाटते.

मम्मी झोपली की मी तिचा श्वास बघत बसते. स्वतः तर दुपारी पडतच नाही. कपाटं आवरते, लॅपटॉप उघडते, काहीही करते. थांबलं की माणूस जातं, असंच डोक्यात बसलंय.

आज सकाळी उपासना झाली, कबरीवर फुलं ठेवली. संध्याकाळी घरी प्रार्थनेला मंडळी येणार. आणि टाकीत तळाला पाणी.

काल नळ यायला हवे होते, आले नाहीत. पुंडलिकनगरात राहणाऱ्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको. आज कधीही येतील, आले की लगेच मोटर लावायची, नाहीतर गेलं पाणी.

मी दारात खुर्ची टाकून बसले.

तेवढ्यात मम्मी म्हणाली, “जरा पडते मी.”

तेच शब्द.

मी खुर्ची सरकवली, एका बाजूला नळ दिसेल आणि दुसऱ्या बाजूला मम्मीचा वरखाली होणारा पदर.

ती डोळे मिटूनच बोलली, “डॉक्टरसारखी बघू नको माझ्याकडं. इथं ये. पड.”

“नळ येतील मम्मी.”

“येऊ दे की.”

“एवढी माणसं येणारेत. पाणी कुठून आणू?”

“पप्पा काय म्हणायचे?”

“काळजी हे पण कामच असतं.”

“मग बंद कर ते. पड इथं.”

तिचं मन मोडू नये म्हणून पडले. तिच्या मनगटावर बोटं ठेवली, नाडी लागेल अशी. ती लागत होती. नाडी मोजता मोजता पुढं काय झालं ते मला माहीत नाही.

जाग आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती.

मी ओरडलेच. “मम्मी!”

“इथं हाय गं. चहा गाळतेय.”

ऊन भिंतीवरून उतरलं होतं. मी धावत नळाकडं गेले. नळ कोरडा, खालची फरशी ओली.

“येऊन गेले,” मम्मी म्हणाली.

“मग मोटर? मला उठवलं का नाही?”

“मोटरच्या आवाजानं तू उठली असतीस. मथुरावहिनी भिंतीवरून हाका मारत होत्या, त्यांना पण गप केलं. म्हटलं, पोरगी वर्षानं झोपलीय, झोपू द्या.”

मी तिथंच ओल्या फरशीवर बसून रडले. पप्पा गेल्यावर इतकं मोकळं मी रडलेच नव्हते. सगळ्यांचं करण्यात राहूनच गेलं होतं.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला.

“झाली का झोप? हे घे, चार हंडे भरून ठेवलेत तुमच्यासाठी. भाऊंच्या प्रार्थनेला पाणी कमी पडू देते व्हय मी?”

आता माणसं यायला लागतील. चहाचं आधण ठेवलंय.

डोकं हलकं झालंय. धाकधूक गेलीय असं म्हणणार नाही, आज रात्रीही मम्मीचा श्वास बघणारच मी. पण विसावा या शब्दावरचा माझा राग आज उतरला.

पप्पा, मी आज जरा पडले होते. मग उठले.

मेलेले पुन्हा उठतील, म्हणजे तुम्हीही उठाल, हे चर्चमध्ये दर वेळी म्हणत आले. आज पहिल्यांदा खरं वाटतंय.

तोवर निवांत पडा.

पाण्याचं बघतो आम्ही.