टॉवेलाखालचा हात

मी हात पुढे केला आणि बापूसाहेबांनी टॉवेल काढून घेतला.

हुबळीच्या बैलबाजारात किंमत तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबायची. जेवढी बोटं, तेवढा भाव. बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. माझी ती पहिली खिल्लार जोडी. मीच पारखून आणलेली, मीच पोसलेली. बापूसाहेब तिथले तिसऱ्या पिढीचे दलाल. त्यांनी टॉवेल झटकला, घडी करून खांद्यावर टाकला.

"तू आपला तोंडानं बोल रे. तुझा बाप मेलेली ढोरं ओढायचा, तू जिती विकतोस. हात तोच की."

लोक हसले. ज्यांना सकाळी मी चहा पाजला होता, तेही हसले.

मी बोललो. तोंडानं. सगळ्यांनी भाव ऐकल्यावर त्याच्या वर कोण चढणार? जोडी मातीमोलानं गेली. दावं सोडताना बापूसाहेब पुन्हा हसले आणि माझ्या हातातली काठी त्यांच्या तोंडावर बसली. दोन दात पडले.

तीन दिवस कोठडी. बाजार मला कायमचा बंद. तोंडाचं रक्त पुसत ते एवढंच म्हणाले होते, "आता कळलं ना, मी याला हात का लावत नाही?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याच काठीनं मी त्यांच्या बाजूनं साक्ष दिली होती.

दोन वर्षं गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपात लोखंड घासलं. फोरमनशी भांडलो. मालकाशी भांडलो. घरात ताटं भिरकावली. बायको रविवारी प्रार्थनेला जायची, आमच्याच गल्लीत, आयरिन अक्कांच्या घरी. अक्का निवृत्त नर्स. माणसांची फुटलेली डोकी जन्मभर पाहिलेली बाई. एका रविवारी बायकोनं मलाही ओढून नेलं. राग आवरा, असं अक्का सांगत होत्या. मी तिथंही घासाघीस सुरू केली. म्हटलं, तुमच्या येशूनं देवळात बैल विकणाऱ्यांवर चाबूक उगारलाच की. मग मी काय वेगळं केलं?

अक्कांनी चष्मा काढला.

"चाबूक त्यानं आधी वळला. दोऱ्यांचा. दोर वळायला किती वेळ लागतो, ते तुला मी सांगायला नको. तुझी काठी तयारच होती." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि त्यानं कुणाचे दात पाडले, ते दाखव मला."



तेव्हापासून खिशात तागाचे दोन पेड ठेवतो. राग आला की मांडीवर वळायला घेतो. पहिल्या वर्षी घरात दाव्यांचा ढीग झाला. पुढे बाप्तिस्मा घेतला. देवाला रोज सांगतो, माझा हात तू सांभाळ, बाकीचं मी बघतो. प्रार्थनेत 'आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की मात्र तोंड मिटतो. अक्कांना ते माहीत आहे.

वर्कशॉप सोडलं आणि खेडोपाडी फिरून थेट शेतकऱ्यांना बैल विकले. मग शेतकरीच विचारू लागले, याची जोडी बाजारात का दिसत नाही? बाजाराला मला आत घ्यावं लागलं.

गेल्या महिन्यात बापूसाहेब माझ्या जोडीपाशी थांबले. मागं त्यांचं जुनं गिऱ्हाईक. अशी जोडी बाजारात दुसरी नव्हती.

"बोल, काय म्हणतोस?"

मी उजव्या हातावर टॉवेल टाकला आणि हात पुढे धरला.

"मस्ती गेली नाही तुझी. तोंडानं सांग."

आजूबाजूचे वळून बघू लागले. माझी कानशिलं तापली. काठी हाताशीच होती. डाव्या हातानं पेड काढले आणि मांडीवर वळू लागलो. उजवा हात तसाच, पुढे. एक शब्द काढला नाही.

दोर वीतभर झाला. गिऱ्हाईक चुळबुळलं. एकदा बापूसाहेबांकडे बघितलं, आणि त्यानं स्वतःच माझ्या टॉवेलाखाली हात घातला. दलालासमोर, दलालाला वगळून. सौदा झाला. बापूसाहेब बघत उभे राहिले.

अक्का म्हणाल्या, आता तरी माफ कर. मी नाही म्हटलं. हात उगारणार नाही, हा देवाला दिलेला शब्द आहे आणि तो मी पाळीन. पण बापूसाहेबांचं एकेक गिऱ्हाईक माझ्या टॉवेलाखाली आणीन. शेवटी ते स्वतः येतील. त्या दिवशी मी टॉवेल बाजूला काढून ठेवीन. माझा हात त्यांना उघड्यावर धरावा लागेल. सगळ्या बाजारादेखत.