साहेबांनी घालून पाहिलेले बूट

चहाच्या कपावर हात ठेवून सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. बरं, शब्द न् शब्द नाही. एक गोष्ट खोटी आहे. पण ती तुम्हाला ओळखू येणार नाही, लावता पैज?

तेव्हा मी अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसवर होतो. दारूबंदीचे दिवस, तरी दर सोमवारी निम्मी फॅक्टरी आजारी! कोणाला हिवताप, कोणाची कंबर धरलेली. नवे मॅनेजर पुण्याचे. त्यांनी फतवाच काढला: सोमवारी जो आजारी पडेल त्याचं मंगळवारी फाटकात तोंड हुंगायचं आणि चुन्याच्या रेषेवरून त्याला चालवायचं. प्यालेला सापडला तर नाव कायमचं कमी. नुसती आजाराची थाप असली तर आठवडाभर घरी.

आणि नेमका पुढच्याच सोमवारी मला ‘ताप’ आला! म्हणजे पातूरला चुलतभावाचं लग्न होतं हो. पण कापसाच्या हंगामात लग्नाला रजा? नाव काढू नका!

मंगळवारी फाटकात कंपाउंडर नानाजी उभे, शेजारी मॅनेजरसाहेब. नानाजी म्हणाले, "आ करा."

माझं टाळकंच फिरलं. "काहून? मी काय बैल आहो बाजारातला? हुंगाचंच असन तर आमचा घाम हुंगा ना! तोंड काहून हुंगता?"

मागच्या रांगेतून टाळ्या! मग काय, मला चेवच चढला. नानाजींच्या नाकासमोर अशी फुंकर मारली की त्यांची टोपी हलली.

नानाजी साहेबांकडे वळले. "साहेब, मले काईच समजून नाही राहिलं. चार दिसापासून नाक बंद हाये."

"मग रेषेवर चालवा," साहेब म्हणाले.

"चालतो ना! कोणाच्या बापाले भेतो काय?"

दोन पावलं सरळ पडली. तिसरं डावीकडे. चौथं थेट साहेबांच्या पायावर. पाय कसला, होडगं!

"नाव कमी करा याचं."

झालं! बायको, दोन पोरं, म्हातारी आई, सगळी डोळ्यांपुढे उभी राहिली. आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, बूट चावून राहिले! लग्नात नवरीच्या बहिणींनी नवरदेवाचे समजून माह्येच जोडे लपवले. हे मेव्हण्याचे हायेत, दोन बोटं लहान!"

तुम्हीच सांगा, दोन बोटं लहान बुटात कोण सरळ चालेल?

"लग्नात?" साहेबांनी भुवया चढवल्या. "तुम्हाला तर ताप होता ना?"

मेलो! पण आता माघार कसली? बूट काढले, जमिनीवर आपटले. आतून लग्नाच्या अक्षता सांडल्या.

"ताप खोटा, साहेब. लग्न खरं. आठवडाभर घरी बसवा, पण दारुडा म्हनाल तर ऐकून घेनार नाही! नाही पटत? तुमी घाला हे बूट अन् दाखवा चालून!"

 साहेब पुण्याचे, आव्हान सोडतात होय? त्यांनी ती होडगी कशीबशी माझ्या बुटांत कोंबली आणि "आई गं!" करत तिसऱ्याच पावलाला रेषेबाहेर गेले.

"नानाजी, साहेबाले हुंगा!" मारोती फिटर मागून ओरडला.

साहेब चक्क हसले. नोकरी वाचली.

आठवडाभर घरी बसून परत आलो, तर साहेबांच्या टेबलावर माझ्यासाठी नवे कोरे बूट! "तुमच्या पायाला ते फारच लहान होते हो. हे चांगले दोन नंबर मोठे आणलेत."

आता नाही कसं म्हणणार? वर्षभर टोकात कापूस कोंबून ते बूट घातले, आणि पूर्ण शुद्धीत असूनही रोज त्या रेषेवरून वाकडातिकडा चाललो.

काय म्हणता? खोटं कोणतं? लग्न खरं. अक्षता खऱ्या. नानाजींची सर्दी तर देवानंच धाडलेली.

मेव्हण्याचे बूट तेवढे खोटे. ते माझेच होते. अगदी मापाचे!