किसनमामांची झडती

किसनमामा माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी पाय, मग पायांवरून वर चढत खिसे, कंबर, गळा आणि अखेरीस चेहरा. तोही वाटलं तर. कर्जत तालुक्यातल्या माळावर काळविटांचं एक छोटं अभयारण्य आहे. त्याच्या फाटकावर ते रोजंदारीने राखण करत. मी पुण्याहून परदेशी पर्यटकांना फिरवणारी दुभाषी. वेरूळला जाताना वाट वाकडी करून पाहुण्यांना काळवीट दाखवायचं, असा माझा शिरस्ता होता.

पहिल्या खेपेला माझ्याबरोबर एक फ्रेंच जोडपं होतं. मे महिन्यातलं ऊन, आणि त्या गृहस्थाच्या गळ्यात रुमाल गुंडाळलेला. मामांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि मला बाजूला घेतलं.

"ताई, ह्यांना सर्दी झालीया का?"

"नाही मामा, त्यांच्याकडे घालतात तसं."

"उनात कुनी उगं गळा आवळून घेत न्हाई. सोडायला सांगा."

त्याने हसत रुमाल सोडला. आत गळ्याशिवाय काही निघालं नाही. तरी मामांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

पुढे जो देश येईल त्याच्यावर मामांचा संशय तयारच असे. जर्मन पर्यटकाच्या पँटला गुडघ्यापर्यंत खिसे बघून ते म्हणाले, "येवढं काय न्यायाचं हाय हितनं?" जपानी बायका कोपरापर्यंत हातमोजे घालून, मानेवर झालर सोडलेली टोपी घालून उतरल्या, तर म्हणाले, "ह्या बाया हाताचा ठसा कुटं ठिवत न्हाईत, ध्यानात आलं का?" अमेरिकनांच्या कोऱ्या पांढऱ्या बुटांवरही त्यांचा विश्वास नव्हता. अर्ध्या चड्डीतले, पोटऱ्या लालबुंद झालेले इंग्रज तेवढे त्यांना बरे वाटत. "लपवायला कापडच न्हाई बिचाऱ्यांकडं!" आपल्याकडची पोरं मिलिटरीच्या छापाचे कपडे घालून आली की मात्र ते खवळत. "जनावरापासनं लपायचं का माज्यापासनं?"

हे ऐकायला गमतीचं वाटे, पण ते गाडीचा नंबर टिपून घेत, मुक्काम कुठे आहे ते विचारत, तेव्हा मला बरं वाटत नसे. आमचे ड्रायव्हर सलीमभाई तर स्पष्टच म्हणाले, "ताई, हा माणूस शिकाऱ्यांचा खबऱ्या असणार. एवढ्या चौकशा कशाला?" मलाही ते पटलं होतं. एकदा पाहुणे मचाणावर असताना मी मामांना सरळ विचारलं, "तुम्हाला एवढी माहिती कशाला लागते?"

त्यांनी गवताकडे नजर वळवली. मग म्हणाले, "लई वर्साखाली दोगं आल्ते. कडक इस्त्री, चकाकते बूट, डोळ्याला गॉगल. मला वाटलं, मोठे साहेब हायेत. म्या सलाम ठोकला. पानवठा कुटं, कळप कवा येतो, समदं फिरून दावलं. दुसऱ्या दिशी पहाटं पानवठ्यावर रगात हुतं. नर नेला, पाय तेवढं तोडून टाकल्यालं." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "दार म्या उघाडलं हुतं, ताई."

त्यानंतर मी त्यांच्यावर संशय घेतला नाही. ते म्हणतील ते मी पाहुण्यांना सांगू लागले. तिथेच चूक झाली.

त्या हिवाळ्यात आठजणांच्या गटात योहाना नावाच्या डच बाई होत्या. वय पासष्टीच्या पुढे. बाकीचे त्यांच्याकडच्या कपड्यांत, आणि ह्या सैलसर पंजाबी ड्रेस, ओढणी, कपाळाला टिकली अशा. मामांची नजर पायांवरून वर चढली आणि पोटाशी थांबली. तिथे कुर्ता थोडा फुगला होता, आणि बाई ओढणीने तो सारख्या झाकत होत्या.

"आपल्यातलं घालून येनारा परका लई जपून बघावा," मामा म्हणाले. "पोटाशी काय हाय, इचारा त्यांना."

मी घुटमळले. मामांनी फाटकाचा आडवा दांडा धरून ठेवला. शेवटी सगळ्यांसमोर मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि कुर्ता वीतभर वर उचलला. पोटाला एक पिशवी चिकटवलेली होती. त्यांनी सांगितलं, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. शौच आता त्या पिशवीत जमा होत होतं. पँटचा पट्टा त्यावर दाबतो, म्हणून हे कपडे. ऑपरेशननंतरचा हा त्यांचा पहिलाच प्रवास होता.

मी मराठीत सांगेपर्यंत मामांनी डोक्यावरची टोपी काढली होती. त्यांनी फाटक उघडलं. पिशवी मोकळी करायची म्हटल्यावर संडासात पाणी नव्हतं, तर हापशावरून दोन बादल्या स्वतः वाहून आणल्या आणि बाई बाहेर येईपर्यंत वाटेवर पाठ करून उभे राहिले, कुणी तिकडे फिरकू नये म्हणून. "त्यांना सांगा, म्या येडा हाय," एवढंच म्हणाले. मी सांगितलं. बाईंनी मान हलवली. गाडीत बसल्यावर मात्र मला म्हणाल्या, "तो त्याचं काम करत होता. तू विचारायला नकार देऊ शकली असतीस."

पुढच्या खेपेला मामा येईल त्या प्रत्येकाचं सामान उघडून बघत होते. "आता कापडं बघत न्हाई. समद्यांचं सारखंच बघतो. मंग कुनी एकटं पडत न्हाई."

त्यानंतरच्या खेपेला फाटकावर दुसराच माणूस होता. त्याच्याकडून कळलं की एका पुढाऱ्याचे पाहुणे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मोठ्या गाडीतून आले होते. मामांनी डिकी उघडायला लावली. चटईखाली बंदूक निघाली. आत सोडा म्हणून फोन आले, तरी मामा गाडीपुढे मांडी घालून बसले. शेवटी गाडी परत गेली. कागदावर काही आलं नाही, आणि मामांना पुन्हा कामावर बोलावणंही आलं नाही.

मी वस्तीवर त्यांच्या घरी गेले. ते म्हशीला कडबा टाकत होते. नोकरीचं मी काढलं, तर हात झटकून म्हणाले, "ते जाऊ द्या. त्या बाईंचं काय कळलं का?"

खोटं सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. "मी दोनदा लिहिलं, मामा. उत्तर आलं नाही. त्या माझ्यावर रागावल्यात. म्हणाल्या, मी विचारायलाच नको होतं."

मामांनी हातातली पेंढी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच थेट माझ्या डोळ्यांत बघितलं.

"खरं हाय त्यांचं. माजं डोकं फिरल्यालं हुतं, पर तुमी न्हाई म्हनायला पायजे हुतं, ताई. म्या ऐकलं असतं."

त्यांनी खरंच ऐकलं असतं का, मला अजून शंका आहे. पण मी 'नाही' म्हणून बघितलं नाही, हे खरं.