गप्प बसायचा नियम

साठीच्या दशकात, माणसं कुणाच्या सांगण्यावरून मत देतात याचा अभ्यास चालला होता आणि त्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्यांत मी होते. मला भाजे मिळालं होतं. लोणावळ्याहून गाडीनं मळवली, पुढं चिखल तुडवत पायी. नियम एकच, पण कडक: आपण प्रश्न विचारायचे, आपलं मत म्हणून काही सांगायचं नाही.

ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. मत कुणाच्या सांगण्यावरून देता, असं विचारलं की जो तो म्हणे, "आमच्या मनानं." आणि म्हणताना आबांकडे बघे. आबा म्हणजे गावातले जमिनीचे मोठे खातेदार. चहा पाजायच्या निमित्तानं ते माझ्या शेजारून हलत नसत. मला भारी राग यायचा, पण चहा प्यायचे.

डोंगरावरच्या वाडीतली एक मावशी तेवढी एकटी सापडली, आबांच्या खाचरात भातातलं तण बेणताना. निवडणुकीला आबांचा पुतण्या उभा होता आणि त्याच्याविरुद्ध हिचा सख्खा भाऊ. मत पुतण्यालाच देऊ म्हणून आबांनी वाडीतल्या सगळ्यांना देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावला होता. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन दिलेला शब्द मोडला तर देव घराचं वाटोळं करतो, अशी समजूत.

"बाई, तुमी शिकल्याल्या," ती म्हणाली. "भंडारा तर उचलला. पर भाव पाठचा हाय. सांगा, काय करू?"

मी नियमाला धरून गप्प राहिले. तिनं थोडा वेळ वाट बघितली आणि पुन्हा बेणायला लागली.

दिवाळीनंतर दुसऱ्या फेरीला गेले, तेव्हा भाऊ पडला होता. मावशी रानात लाकडं गोळा करत होती. विचारलं, "मत देताना कुणाचं ऐकलंत?"

"तुमचं."

"मी तर काहीच बोलले नव्हते."

"त्येच की. शिकल्याली बाई इचारून बी बोलंना, म्हनलं गप ऱ्हान्यातच शानपन आसंल. मताला गेलेच न्हाई."

त्यामुळं आबांनी कामावरून काढलं. भाऊ भाऊबीजेला आला नाही, ओवाळायचं ताट तसंच राहिलं. हे तिनं सांगितलं आणि मला फार वाईट वाटलं.

"आता तरी सांगा," ती म्हणाली, "काय करायला पायजे व्हतं?"

नियम दुसऱ्या फेरीलाही होताच. मी म्हणाले, "भावाला द्यायचं होतंत."

"मग तवाच का न्हाई बोललात?" ती म्हणाली आणि मोळी बांधायला वाकली.