शंकाताईंची थांबणारी स्क्रिप्ट

मी तापट आहे, हे आधीच कबूल करतो. नाहीतर इस्पितळातल्या लॅबच्या खिडकीवर उभा राहून मी एका पन्नाशीच्या बाईंवर ओरडलो नसतो.

त्यांना तिथे सगळे शंकाताई म्हणतात. अकरा वर्षं त्या लॅबमध्ये टायपिंग करत होत्या. लॅबचा डेटाबेस तळमजल्यावर, वॉर्डाचा प्रोग्रॅम तिसऱ्या मजल्यावर, आणि दोघांची बोलाचालच नाही. एका स्क्रीनवरचा आकडा वाचायचा, दुसऱ्या स्क्रीनवर टाइप करायचा, दिवसातून तीनशे वेळा. शेवटी मानेने संप पुकारला, तेव्हा बाईंनी भाचीचं कॉलेजचं कॉम्प्युटरचं पुस्तक मागून आणलं आणि डबा खाता खाता स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप काम करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायला शिकल्या. त्यांची स्क्रिप्ट लॅबच्या डेटाबेसमधून रिपोर्ट उचलते, नाव आणि जन्मतारीख जुळवते आणि वॉर्डाच्या प्रोग्रॅममध्ये नेऊन ठेवते. पाच मिनिटांत काम फत्ते. पण एका रिपोर्टला दोन माणसं जुळली, तर ती स्वतः ठरवत नाही. थांबते, ओळ लाल करते, आणि ताई उठून वर जातात. "काय ताई, आज किती शंका?" अशी डॉक्टर थट्टा करायचे, त्यावरून हे नाव पडलं.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी एवढंच ठाऊक होतं, की धाकट्या बहिणीच्या तीन दिवसांच्या जुळ्या मुलींना कावीळ असावी असा संशय आहे, रक्त देऊन तास उलटलाय आणि रिपोर्टचा पत्ता नाही. कावीळ फार चढली तर कानांवर, मेंदूवर जाते, असं डॉक्टर म्हणाल्यापासून बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकीवर मी जे काही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा लावला.

"दादा, रिपोर्ट दोन आहेत. एक बरा, एक वाईट. दोन्हींवर आईचं नाव तेच, तारीख तीच. कोणता कुणाचा, ते कॉम्प्युटरला माहीत नाही आणि मलाही नाही. ओरडायचंच असेल तर चालता चालता ओरडा, मी वर चाललेय."

मी मागोमाग गेलो.

आमचं तर ठरलेलंच होतं. जुळ्यांतली धाकटी मूठभर जीव, सारखी किरकिरायची. आजारी असणार ती हीच. मोठी गुटगुटीत, गाढ झोपलेली. कसं शहाणं बाळ आहे, म्हणून सगळे तिचं कौतुक करत होतो. मी म्हणालोसुद्धा, "ताई, वाईट रिपोर्ट धाकटीचाच, दिसतंय की!" त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. रक्ताच्या नळीवरचा नंबर बाळाच्या मनगटावरच्या पट्टीशी लावला, नर्सकडून मोठ्याने वाचून घेतला, मग पुन्हा एकदा. वाईट रिपोर्ट झोपलेल्या बाळाचा होता. ती शहाणी नव्हती, ग्लानीत होती. दहा मिनिटांत तिला कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली ठेवलं.

दोन दिवसांनी माफी मागायला गेलो, तर ताई पट्टीच्या नंबरासाठी वॉर्डाच्या प्रोग्रॅममध्ये जागा करून घेण्याच्या खटपटीत होत्या.

"तुमच्या जागी मी असतो तर अंदाज ठोकून मोकळा झालो असतो," मी म्हणालो.

"मीही एकदा ठोकलाय, टायपिंगच्या काळात. एका आजोबांना दुसऱ्याचाच रिपोर्ट लागला. ते वाचले," त्या म्हणाल्या. "पण माझ्यामुळे नाही वाचले हो."

मग पुन्हा स्क्रीनकडे वळल्या.

गेल्या महिन्यात बहिणीच्या जुळ्या मुली पाच वर्षांच्या झाल्या. त्यातल्या मोठीला घेऊन मी मुद्दाम त्या खिडकीवर गेलो. ती आमच्याकडे पाठ करून भिंतीवरचं घड्याळ बघत उभी होती. ताईंनी काचेच्या फटीतून, मलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू हाक मारली, "बाळा..."

पोरगी झटकन वळली. "काय?"

ताईंचे आभार मानायचे म्हणून मी तोंड उघडलं, आणि भर इस्पितळात लहान मुलासारखा रडलो.